नाईल, युफ्रेटिस, सिंधू की पिवळी नदी: अभ्यासाला आधी कोणती घ्यावी?

नदीकाठच्या प्राचीन संस्कृती आपण शाळेत एकाच धड्यात उरकतो. पुढे कधीतरी, एमएचा विषय ठरवताना किंवा निवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळाल्यावर, त्या पुन्हा खुणावू लागतात, आणि या वेळी नुसती माहिती नको असते, नीट समजून घ्यायचं असतं. अडचण अशी की चारही एकदम हाती घेतल्या तर चारही वरवरच्याच राहतात. एकीत वर्षभर मुक्काम करायचा तर कोणती निवडावी, हे ठरवणाऱ्यासाठी हा आढावा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडे बहुतेकांना सिंधूपासून सुरुवात करावीशी वाटते आणि ते साहजिक आहे. तरीही मी मेसोपोटेमियापासून, म्हणजे युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्यांच्या खोऱ्यापासून, आजच्या इराकपासून, सुरुवात करायला सांगेन, आणि सिंधूकडे त्यानंतर वळायला. का, ते पुढे येईलच. काही जणांनी मात्र माझं ऐकू नये. तेही सांगते.

पाणी कधी येतं

‘नदी होती म्हणून संस्कृती उभी राहिली’ हे वाक्य चारही ठिकाणी खरं वाटतं आणि चारही ठिकाणी अपुरं पडतं. पाणी किती होतं यापेक्षा ते कधी यायचं, याने जास्त फरक पडला. इजिप्त, मेसोपोटेमिया आणि सिंधूचं मुख्य खोरं, तिन्हीकडे पोट भरायचं ते आपल्या भाषेत रब्बीवर. गहू आणि जव थंडीच्या तोंडावर पेरायचे, उन्हाळा लागताना कापायचे. आता प्रत्येक नदीचं वेळापत्रक या हंगामाशेजारी ठेवून पाहा.

नाईलचा पूर म्हणजे इथिओपियाच्या डोंगराळ भागातला पावसाळा. तो जुलैपासून चढायचा, सप्टेंबरच्या आसपास भर यायचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओसरायचा. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर शेतात ओल आणि ताजा गाळ तयार. बांध घालून पाणी काही आठवडे तुंबवायचं, मग सोडून द्यायचं आणि ओलीवर बी टाकायचं. जाताना तेच पाणी जमिनीतले क्षारही धुऊन नेई. इजिप्तच्या वर्षाचे तीन भागसुद्धा यावरूनच पडले होते: पूर, उगवण आणि कापणी. शिवाय नदी उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक काळ दक्षिणेकडे वाहतो. प्रवाहाबरोबर खाली जायचं, शीड उभारून वर यायचं. एवढा लांबलचक देश एका राजाच्या हाताखाली इ.स.पू. ३१०० च्या सुमारास आला आणि बराच काळ एक राहिला, त्यात या वाऱ्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

युफ्रेटिस आणि टायग्रिस यांचं नेमकं उलटं. तुर्कस्तानच्या डोंगरांतला बर्फ वितळला की त्या एप्रिल-मेमध्ये फुगायच्या, म्हणजे पीक कापणीला आलेलं असताना. आणि पेरणीच्या वेळी पात्र अगदी रोडावलेलं असायचं. दक्षिण इराकमध्ये पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरही धड नाही. त्यामुळे वसंतात पूर शेताबाहेर ठेवायला बांध हवेत आणि शरदात पाणी शेतात आणायला कालवे हवेत. कालवा आला की वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा असा भेद आला, पाण्याची पाळी आली, भांडण आलं. लगाश आणि उम्मा ही शेजारची दोन शहरं सीमेवरच्या सुपीक पट्ट्यासाठी आणि पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या लढली. लगाशच्या एआन्नातुम राजाने इ.स.पू. २४५० च्या आसपास कोरून घेतलेल्या विजयस्तंभाचे तुकडे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यावर ढाली जोडून चाललेले सैनिक दिसतात आणि प्रेतांवर तुटून पडलेली गिधाडं.

मेसोपोटेमियाला या सिंचनाची किंमत मोजावी लागली. निचरा न होणाऱ्या सपाट जमिनीत पाणी मुरत राहिलं की खालचे क्षार वर येतात. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाला क्षारपड जमीन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सुमेरमध्ये, म्हणजे मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागात, गहू मागे पडून क्षार सोसणारं जव पुढे आलं, ते यामुळेच असं मत काही अभ्यासकांनी मांडलं. क्षारांनी सुमेर बुडवलं, हे त्या मताचं टोक आजचे सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत. पण क्षारांचा प्रश्न तिथे होता यात शंका नाही.

सिंधूचं वेळापत्रक वरवर नाईलसारखं. हिमालयातला बर्फ आणि मोसमी पाऊस यांचं पाणी जून ते सप्टेंबर चढतं आणि रब्बीच्या आधी उतरतं. स्वभाव मात्र नाईलचा नाही. सिंधू अंगावर येते, पात्र बदलते. मोहेंजोदडोच्या लोकांनी मोठमोठ्या चौथऱ्यांवर शहर बांधलं ते उगीच नाही. पिवळ्या नदीच्या काठी तर हंगामच वेगळा. तिथे पावसाच्या पाण्यावर राळे आणि वरीसारखी भरडधान्यं पिकायची, वाऱ्याने वाहून आणलेल्या मऊ पिवळ्या मातीत. ती शेती आपल्या खरिपाच्या जवळची. नदी गाळाने स्वतःचं पात्र उंच करत जाते आणि मग काठ फोडून पसरते, म्हणून पूर काबूत आणणारा राजा यू हाच चीनच्या आख्यायिकांतला पहिल्या राजवंशाचा संस्थापक आहे.

शेती, सत्ता, पाणी हे नातं ज्यांना कळून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी इजिप्त आणि मेसोपोटेमिया शेजारी शेजारी ठेवणं यासारखा दुसरा अभ्यास नाही.

कोण बोलतं, कोण गप्प आहे

निवड करताना मी सर्वांत जास्त वजन याला देईन. त्या संस्कृतीकडून आपल्यापर्यंत कोणाचा आवाज पोचतो?

मेसोपोटेमियात लोक मातीवर लिहीत. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने पाचरीसारख्या खुणा दाबायच्या आणि पाटी वाळू द्यायची. इमारतीला आग लागली तर कागद जळतो, मातीची पाटी भाजून आणखी पक्की होते. म्हणून तिथून लाखो पाट्या आल्या आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या, उरुक शहरातल्या, इ.स.पू. ३३०० ते ३१०० च्या दरम्यानच्या पाट्या म्हणजे बहुतांशी हिशेब आहेत. किती जव आलं, किती बिअरसाठी गेलं, कोणाला किती शिधा दिला. लिहिण्याची सुरुवात कोठारातून झाली हे तिथे डोळ्यांनी दिसतं. पुढे त्याच लिपीत अक्कडच्या सारगोन राजाची मुलगी एनहेदुआन्ना हिच्या नावावरची देवीची स्तोत्रं येतात. जगातली पहिली नाव माहीत असलेली साहित्यिक म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं जातं ते त्यामुळे. आणि इ.स.पू. १७५० च्या सुमाराची उर शहरातली एक पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिच्यात नान्नी नावाचा गिऱ्हाईक एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला सुनावतो आहे: माल निकृष्ट दिलास, माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवलंस. राजा नाही, पुरोहित नाही; फसवला गेलेला एक माणूस जवळपास पावणेचार हजार वर्षांनंतर आपल्याशी बोलतो. हे मला इतर कुठे इतक्या विपुलतेने मिळालं नाही.

इजिप्तकडून जे आलं ते बरंचसं मृतांचं आणि राजांचं आहे. याचं कारण भूगोलात आहे. गावं आणि शहरं पुराच्या पट्ट्यात होती, ती गाळाखाली आणि आजच्या वस्त्यांखाली गेली. कबरी वाळवंटाच्या कोरड्या कडेला होत्या, त्या टिकल्या. त्यामुळे आपल्याला इजिप्शियन लोक मृत्यूने झपाटलेले वाटतात. प्रत्यक्षात टिकलेला पुरावा तसा आहे, माणसं तशी असतीलच असं नाही. अपवाद फार मोलाचे आहेत. लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पिएर तालेत यांच्या चमूला लिहिलेले पपायरस (लव्हाळ्यापासून केलेले कागद) सापडले, आजवर मिळालेल्यांतले सर्वांत जुने. त्यांत मेरेर नावाचा एक मुकादम आपल्या माणसांसह तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेने गिझाला कसे नेले याची रोजची नोंद ठेवतो. हे काम खुफू राजाच्या पिरॅमिडचं. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधला असं सांगणाऱ्याला मेरेरच्या या नोंदी वाचायला द्याव्यात. पुढे तिसऱ्या रामसेसच्या काळात, इ.स.पू. बाराव्या शतकात, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांना धान्य वेळेवर मिळालं नाही तेव्हा ते काम टाकून बसून राहिले. तो संपही पपायरसवर नोंदलेला आहे.

सिंधूकडे लिपी आहे आणि आवाज नाही. सुमारे ४०० चिन्हं, मुख्यतः मुद्रांवर, आणि एका मुद्रेवर सरासरी पाचच्या आसपास. लिपीचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी १९७७ मध्ये सगळ्या लेखांची सूची आणि चिन्हांच्या जागांचा तक्ता प्रसिद्ध केला, आस्को पार्पोला यांनी आयुष्यभर त्यावर काम केलं, तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये ती वाचणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. लिपी अजून बंदच आहे. दर काही महिन्यांनी कोणीतरी ‘वाचली’ म्हणून जाहीर करतं. नवख्या वाचकाने एक कसोटी हाताशी ठेवावी. इजिप्तमधल्या रोझेटा शिलेवर एकच मजकूर ग्रीकमध्येही होता म्हणून फ्रेंच अभ्यासक शाँपोलियाँला १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचं कुलूप उघडता आलं. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर इराणी सम्राट डरायसचा लेख तीन भाषांत होता म्हणून इंग्रज अभ्यासक रॉलिन्सनना पाचरीची लिपी फोडता आली. सिंधूसाठी असा द्विभाषिक लेख अजून मिळालेला नाही. मजकूर लांब नाही, भाषा माहीत नाही, दुसऱ्या भाषेतली जोड नाही. अशा वेळी कोणाचंही ठाम वाचन सावधपणेच घ्यायला हवं.

मग सिंधू नंतर का

सिंधूचं मोठेपण तिच्यात काय नाही यात आहे, आणि ते ‘नाही’ ओळखायला आधी दुसरीकडे ‘आहे’ पाहिलेलं असावं लागतं. मोहेंजोदडोत ज्याला निःसंशय राजवाडा म्हणता येईल अशी वास्तू नाही. उरच्या शाही कबरींत पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना १९२० च्या दशकात राणीबरोबर पुरलेले सेवक, सोन्याचे मुकुट, वीणा मिळाल्या. हडप्पाच्या दफनभूमीत काही मडकी, मणी, बांगड्या. युद्धाचा उदोउदो करणारं एकही शिल्प नाही. आणि तरी शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांत विटा १:२:४ याच प्रमाणात, दगडी चौकोनी वजनं एकाच पद्धतीची, आणि गल्लोगल्ली झाकलेली गटारं. हे कोणी ठरवलं, कसं अमलात आणलं? एआन्नातुमचा गिधाडांचा स्तंभ पाहून आलेल्या माणसाला हा प्रश्न जितका अस्वस्थ करतो, तितका थेट सिंधूपासून सुरुवात करणाऱ्याला करत नाही. तो फक्त ‘आपल्याकडे किती प्रगत नगररचना होती’ यावर समाधानी होतो आणि खरं नवल हातचं निसटतं.

दुसरं कारण साधं आहे. सिंधूचं वय पहिल्यांदा कळलं ते मेसोपोटेमियामुळेच. भारतीय पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी सप्टेंबर १९२४ मध्ये हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या शोधाची बातमी लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापली, तेव्हा ही शहरं किती जुनी हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. काही दिवसांतच मेसोपोटेमियाच्या अभ्यासकांनी कळवलं की अशा मुद्रा आमच्याकडच्या उत्खननांत निघतात. सारगोनच्या लेखात मेलुहाच्या नावा आपल्या धक्क्याला लागतात अशी बढाई आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. लूव्रमध्ये एक दंडगोल मुद्रा आहे, तिच्यावर मालकाचं नाव शु-इलिशु आणि त्याचा व्यवसाय ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाषा’. सिंधूच्या माणसाशी बोलू शकणाऱ्या एका परक्या माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे आणि सिंधूच्या स्वतःच्या लेखांतून एकाही माणसाचं नाव वाचता येत नाही.

असं असूनही, ‘नदीकाठची संस्कृती’ हे नावच तपासून पाहायचं असेल तर सिंधूला पर्याय नाही. धोलावीरा घ्या. कच्छच्या रणातल्या खडीर बेटावरचं हे शहर कुठल्याच बारमाही नदीकाठी नाही. मानसर आणि मनहर या दोन हंगामी ओढ्यांच्या मधोमध ते वसलं. ओढ्यांवर बंधारे घालून पावसाचं पाणी वळवायचं, तटाच्या आत खोदलेल्या मोठमोठ्या तलावांत साठवायचं आणि ते वर्षभर पुरवायचं. जगत्पती जोशी यांनी ही जागा १९६० च्या दशकात नोंदवली, रवींद्रसिंह बिश्त यांनी १९९० पासून तिथे उत्खनन केलं आणि २०२१ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. एका तलावात खडक फोडून उतरलेल्या पायऱ्या आहेत. दुष्काळी भागात वाढलेल्या कोणालाही त्या पायऱ्यांपाशी उभं राहिल्यावर तिथल्या नियोजनाची किंमत लगेच कळेल. नदीने शहर दिलं असं इथे म्हणताच येत नाही. शहराने पाणी मिळवलं.

घग्गर-हाक्राच्या (काही जण हिलाच वेदांतली सरस्वती मानतात) कोरड्या पात्राकाठच्या वस्त्यांचा प्रश्नही असाच खोल आहे. २०१७ च्या एका अभ्यासानुसार सतलजचा मोठा प्रवाह हडप्पा शहरांच्या हजारो वर्षं आधीच हे पात्र सोडून गेला होता आणि शहरं पावसाळी पाण्यावर वसली. २०१९ चा दुसरा अभ्यास म्हणतो की नदी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही होती. वाद मिटलेला नाही आणि त्यात राजकारणाचा आवाज फार मोठा आहे. वाळूच्या कणांचं वय कसं काढतात हे समजून घेतल्याशिवाय कोणत्याही बाजूला जाऊ नये. सिंधू दुसऱ्या वर्षी घ्या म्हणते, त्यामागे हेही कारण आहे.

चीनबद्दल थोडक्यात

इथे एकच गोष्ट निर्णायक आहे. पिवळ्या नदीच्या खोऱ्यात आन्यांगला सापडलेल्या, भाकितासाठी तापवलेल्या हाडांवरची आणि कासवांच्या कवचांवरची लिपी आजच्या चिनी लिपीची थेट पूर्वज आहे. इतर तिन्हींच्या लिप्या मेल्या, ही जगली. पण ती लेखनसामग्री इ.स.पू. १२५० च्या सुमारास सुरू होते, म्हणजे उरुकनंतर जवळपास दोन हजार वर्षांनी. त्याआधीचा चीन पाहायचा तर यांगत्से खोऱ्यातलं लियांगचू पाहावं: पाच हजार वर्षांपूर्वीची धरणं आणि जेडचं अप्रतिम कोरीव काम. चिनी भाषा शिकायची तयारी असेल, किंवा आधीच येत असेल, तरच ही वाट धरा. नवं संशोधन मोठ्या प्रमाणावर त्याच भाषेत प्रसिद्ध होतं.

घरबसल्या आणि प्रत्यक्ष

मेसोपोटेमियाला जाणं सोपं नाही. पण त्याचा मजकूर घरी येतो. ‘क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह’च्या संकेतस्थळावर पाट्यांची छायाचित्रं आणि नोंदी फुकट पाहता येतात, आणि सुमेरी साहित्याचा इंग्रजी अनुवादांसह संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाने खुला ठेवला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन राजवाड्यांतल्या कोरीव शिळा आहेत. त्या सुमेरपेक्षा खूप उशिराच्या, पण पाचरीच्या खुणा पुस्तकाबाहेर पाहायला तिथे जरूर जावं.

इजिप्त प्रवासाला सर्वांत सोपा आणि सर्वांत भव्य. पाहण्यासाठी निवडायचं असेल तर प्रश्नच नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला या विषयाची गोडी लावायची असेल तरीही इजिप्तच.

सिंधूची दोन सर्वांत प्रसिद्ध शहरं पाकिस्तानात आहेत. भारतात मात्र धोलावीरा, लोथल, कालीबंगन, राखीगढी आहेत. शिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा दुवा आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर-हडप्पा काळाचा थर मिळाला, आणि १९७४ मध्ये तिथे सापडलेला ब्रॉंझचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या काळाबद्दल अभ्यासक अजून वाद घालतात. पुण्याचं डेक्कन कॉलेज हे या विषयाचं देशातलं एक प्रमुख केंद्र आहे. राखीगढीचं उत्खनन आणि तिथल्या एका स्त्रीच्या सांगाड्याच्या डीएनएवरचा २०१९ चा गाजलेला अभ्यास, दोन्हींत डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांचा पुढाकार होता. पुरातत्त्व हाच व्यवसाय करायचा असेल तर माझा मेसोपोटेमियाचा आग्रह बाजूला ठेवा आणि थेट सिंधू घ्या. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर खापरं वेचत शिकता येईल अशी दुसरी संस्कृती इथून जवळ नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनीही तेच करावं, त्यांच्या अभ्यासक्रमात सिंधूच आहे.

बाकीच्यांनी, ज्यांना माणसं कशी एकत्र राहू लागली, कोणी कोणाला धान्य मोजून दिलं आणि पहिल्यांदा ते का लिहून ठेवलं हे समजून घ्यायचं आहे, त्यांनी उरुकपासून निघावं. पहिले काही महिने फक्त शिध्याच्या पाट्या, मग लगाश आणि उम्माचं भांडण, मग सारगोन, आणि बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांतली कालव्याच्या बांधाबद्दलची कलमं: ज्याच्या निष्काळजीपणाने बांध फुटून शेजाऱ्याचं शेत बुडालं, त्याने धान्य भरून द्यायचं. मेलुहाचा उल्लेख वाटेत येईलच. तो आला की वही बदलावी आणि हिवाळ्यात कच्छचं तिकीट काढावं.